घर विकण्याआधी एक उन्हाळा काढ

"ताई, मी गिरगावातल्या चाळीत वाढले. टोरोंटोत आल्यावर सात वर्षं डाउनटाउनला भाड्याच्या फ्लॅटमध्ये काढली. खाली ट्रामची घरघर, कोपऱ्यावर भाजीवाला. गेल्या ऑक्टोबरात आम्ही टोरोंटोतल्याच डॉन मिल्स या उपनगरी वस्तीत १९५०च्या दशकातलं एक बैठं घर विकत घेतलं. नवरा आठवड्यातले चार दिवस गाडी घेऊन ऑफिसला जातो, मुलगी सीनियर किंडरगार्टनला, आणि मी घरून काम करते. घरात इतकी शांतता असते की फ्रीज बंद झालेला कळतो. रस्त्यावर माणूस दिसत नाही. चार महिन्यांत एकाही शेजाऱ्याने 'तुम्ही कोण, कुठले' असं विचारलं नाही. हॅलोविनला, पोरं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात त्या संध्याकाळी, मुलीने हौसेने चॉकलेटं भरून ठेवली होती. शेजारच्या दारात पोरांची रीघ लागली, आमच्याकडे एकही आलं नाही. ती रडत झोपली. तेव्हापासून माझं मन उडालंय. टोरोंटोला लागून असलेल्या मिसिसागात माझ्या तीन मैत्रिणी आहेत. हे घर विकून तिकडे जाऊ असं मी म्हणते. नवरा म्हणतो, 'अगं, या शांततेसाठीच तर घेतलं.' रोज खटके उडतात. आम्ही घर विकावं का? – गिरगावकरीण, डॉन मिल्स"

प्रिय गिरगावकरीण,

आधी तुझ्या मुलीच्या चॉकलेटांबद्दल बोलू. त्या संध्याकाळी तुमच्या दाराबाहेरचा दिवा लावलेला होता का? तू लिहिलेलं नाहीस, पण तो बंदच असणार असं मला वाटतं. त्या काळातल्या पुष्कळ घरांत बसायची खोली मागच्या अंगणाकडे तोंड करून असते. तुम्ही तिघं मागे बसला असाल आणि रस्त्यावरून घर अंधारात दिसलं असेल. इथल्या पोरांना चालायला लागल्यापासून एक नियम शिकवलेला असतो: हॅलोविनच्या रात्री ज्या दारावर दिवा आहे त्याच घराची पायरी चढायची. दिवा नाही म्हणजे त्या घरच्यांना त्रास द्यायचा नाही. त्या रात्री आपल्या मुलाचा हात धरून तुमच्या दारावरून पुढे गेलेली प्रत्येक आई तुमच्याशी सभ्यपणानेच वागत होती. मुलीला हे आजच सांग. चार महिने ते लेकरू मनात काय धरून बसलं असेल, या विचाराने मला चैन पडेना, म्हणून हे पहिलं लिहिलं.

तुझ्या पत्रातल्या बाकीच्या गोष्टींकडेही मी याच नजरेने बघते आहे. आणि ही नजर मला फार उशिरा आली, हेही सांगते.

मी डोंबिवलीची. १९९१ पासून स्कारबरोत, तुझ्या घरासारख्याच युद्धानंतर बांधलेल्या बैठ्या घरात राहते. पहिल्या वर्षी संक्रांतीला मी शेजारच्या इटालियन आजींकडे वाटीत शिरा घेऊन गेले. केशर घातलेला, पिवळाधमक. त्यांनी हसून घेतला. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती स्वच्छ घासलेली आणि रिकामी. आपल्याकडे वाटी रिकामी परत देत नाहीत. निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मी मनाला लावून घेतलं. पुढची दोन वर्षं कुंपणावरून मान हलवण्यापलीकडे मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या वर्षी त्यांचा मुलगा त्यांना आपल्या घरी घेऊन गेला. जायच्या दिवशी त्या काठी टेकत कुंपणापाशी आल्या आणि म्हणाल्या, "तो पिवळा गोड पदार्थ तू पुन्हा आणलाच नाहीस गं. मला वाटलं, मी भांडं परत करताना काही चुकले." त्यांनाही दोन वर्षं तीच रुखरुख होती. एक बाई कुंपणाच्या अलीकडे आणि एक पलीकडे, दोघी आपापल्या घरात एकट्या. आता शेजारी काही पाठवताना मी हसत सांगून टाकते, "आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत हं." लोकांना ते फार आवडतं. एकदा वाटीतून तीन अंडी आली होती.

चार महिन्यांत कुणी "कुठले" म्हणून विचारलं नाही, याचा तुला राग आहे. इथे नव्या माणसाला लगेच जाऊन प्रश्न विचारणं आगाऊपणाचं मानतात. पहिली हाक नव्याने आलेल्याने मारावी असं पुष्कळांना वाटतं, आणि तुला वाटतं ती आधीपासून राहणाऱ्यांनी मारावी. दोन्ही बाजूंचा संकोच सारखाच आहे. त्याला तू तिरस्कार समजू नकोस.

तू राहतेस ती वस्ती शांत आहे, कारण ती तशी आखलेली आहे. दुसरं महायुद्ध संपलं, सैनिक परतले, लग्नं झाली, मुलं झाली आणि टोरोंटोत घरं पुरेनात. तेव्हा शहराच्या ईशान्य कडेला, डॉन नदीच्या दोन फाट्यांमधली सुमारे दोन हजार एकर शेतजमीन ई. पी. टेलर या उद्योगपतीने घेतली, आणि तिचा आराखडा मॅक्लिन हॅनकॉक नावाच्या, अजून हार्वर्डमध्ये शिकत असलेल्या तरुणाच्या हाती दिला. १९५३ मध्ये काम सुरू झालं. लॉरेन्स अव्हेन्यू आणि डॉन मिल्स रोड जिथे मिळतात तिथे बाजार, त्याभोवती डॉनवे नावाचा गोल रस्ता, बाहेर चार दिशांना चार वस्त्या आणि प्रत्येक वस्तीला तिची शाळा. आतले रस्ते मुद्दाम वाकवले, काही तर पुढे बंदच ठेवले, म्हणजे ज्याचं आत काम नाही त्या गाडीला तिथे शिरायचं कारणच उरू नये. लहान मूल मोठा रस्ता न ओलांडता शाळेत पोचावं हा त्यामागचा विचार होता. तुझी मुलगी आज शाळेत जाते ती याच विचाराच्या सावलीतून, आणि मला तो विचार चांगलाच वाटतो.

पण यातली एक गोष्ट तुला कुणी सांगितलेली दिसत नाही. चालणाऱ्या माणसांसाठी त्यांनी वेगळ्या पायवाटा काढल्या. त्या घरांच्या मधून, मागच्या बागांकडे, शाळेकडे आणि बाजाराकडे जातात. गिरगावात गॅलरीतून खाली वाकलं की जग दिसायचं, म्हणून तू इथेही समोरच्या खिडकीतून रस्त्याकडे बघतेस. समोर मोटारींची बाजू आहे. माणसं, कुत्री, सायकली, बाबागाड्या मागच्या वाटांवर असतात, आणि त्या वाटा तू अजून पाहिलेल्याच नाहीस, कारण तू आलीस तेव्हा थंडीची चाहूल लागली होती आणि मग त्यांतल्या कित्येक बर्फाखाली गेल्या. डिसेंबरात इथे पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. तू हे घर फक्त अंधारात पाहिलं आहेस.

माझी आई साठच्या दशकात गिरगावातून डोंबिवलीला राहायला आली. तेव्हा स्टेशनापासून थोडं पुढे गेलं की भातशेती होती आणि पावसाळ्यात रात्रभर बेडूक ओरडायचे. ती दर रविवारी गाडी पकडून गिरगावला जायची आणि परत येताना रडायची, असं वडील सांगायचे. पुढे मी तिला विचारलं, मग तू रमलीस कशी? ती म्हणाली, "नळाच्या रांगेने." पाणी पहाटे साडेचारला यायचं. हंडे लावून बायका तासभर उभ्या राहायच्या. तिथे कुणाची सून बाळंत झाली, कुणाचा नवरा पितो, कुठला वाणी मापात मारतो, सगळं कळायचं. ओळख करून घ्यायला म्हणून कुणी तिथे येत नव्हतं. पाण्यासाठी यायचे आणि ओळखी होऊन जायच्या.

टोरोंटोत पाणी चोवीस तास येतं, म्हणून तुला तुझी नळाची रांग शोधावी लागेल. पहिली रांग शाळेच्या फाटकाशी. मुलीला आणायला गाडीने जात असशील तर ती दूर उभी कर आणि दहा मिनिटं आधी चालत जाऊन उभी राहा. रोज एकाच जागी. आठवड्याभरात त्याच चार बायका, एखादे आजोबा, एखादी सांभाळणारी मुलगी असे चेहरे पाठ होतील. दुसरी रांग बर्फाची. बर्फ पडून गेल्यावर जो तो फावडं घेऊन आपला ड्राइव्हवे उपसायला बाहेर येतो. तेव्हा तूही ये, आणि आपलं झाल्यावर शेजारचे चार हात उपसून टाक. शेजारी वयस्कर असतील तर ते जन्मात विसरणार नाहीत. तिसरी मे-जूनमध्ये, लोक आपल्या अंगणात जुन्या वस्तू मांडून विकतात तेव्हा. दोन डॉलरची बशी घे आणि अर्धा तास बोल. आणि कामाचे दोन दिवस लॅपटॉप घेऊन लॉरेन्सच्या कोपऱ्यावरच्या लायब्ररीत बसत जा. दुपारी तिथे निवृत्त माणसं वर्तमानपत्र वाचायला येतात, तीन नंतर पोरं. पैसे लागत नाहीत.

त्या निवृत्त माणसांबद्दल थोडं. बाजाराच्या जागी पूर्वी उघडं दुकानसंकुल होतं, १९७८ मध्ये त्याचा छताखालचा मॉल झाला. थंडीत म्हातारी माणसं तिथे जाऊन कॉफी घेऊन तासन्‌तास बसायची. तो मॉल पाडायचं ठरलं तेव्हा त्यांनी विरोध केला. त्यांची बसायची जागा जात होती. शेवटी तो पाडला, आणि २००९ मध्ये आता तू पाहतेस ती उघड्या गल्ल्यांची महागडी दुकानं आली. म्हणजे तुझ्या गल्लीतल्या बंद दारांआड अशी माणसं असतील, ज्यांनी आपली बैठक गमावली आहे. एकटी असलेली तू एकटीच नाहीस. मला तर वाटतं, तुझ्या गल्लीतल्या एखाद्या घरी शेवटचा अनोळखी माणूस येऊन गेल्याला वर्षं झाली असतील.

आणखी एक गोष्ट तुला माहीत असावी असं मला मनापासून वाटतं. डॉन मिल्सचा आराखडा कागदावर उतरत होता त्या वर्षांत कॅनडाने भारतातून स्थलांतर करणाऱ्यांसाठी कोटा ठरवला होता: वर्षाला १५० माणसं. सबंध देशासाठी. १९५७ मध्ये तो ३०० झाला, आणि वंश-देश न बघता गुणांवर प्रवेश द्यायची पद्धत आली ती १९६७ मध्ये. तेव्हा या घरांची स्वयंपाकघरं आखताना कुणाच्या डोळ्यांसमोर फोडणी नव्हती, आणि दारं आखताना रांगोळी नव्हती. तुला तिथे परकं वाटतं त्यात तुझ्या मनाचा कमकुवतपणा नाही. ती जागा आपल्याला गृहीत धरून बांधलेलीच नव्हती.

पण तशी ती जपानी लोकांनाही गृहीत धरून बांधलेली नव्हती. युद्धात कॅनडाने आपल्याच वीस हजारांहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना पश्चिम किनाऱ्यावरून हुसकावलं, छावण्यांत ठेवलं, त्यांची घरं-होड्या विकून टाकल्या. १९४९ पर्यंत त्यांना किनाऱ्यावर परतायची परवानगी नव्हती. त्यांतले पुष्कळ टोरोंटोत आले. १९६४ मध्ये त्यांनी आपलं सांस्कृतिक केंद्र बांधलं ते तुझ्या घरापासून जवळच, विनफर्ड ड्राइव्हवर. पैसे उभे करायला कित्येक कुटुंबांनी स्वतःची घरं गहाण ठेवली. इमारत आखली रेमंड मोरियामा यांनी, ज्यांचं स्वतःचं बालपण छावणीत गेलं होतं. घर हिरावलं गेलेल्या माणसांनी पुन्हा घर गहाण ठेवावं, आणि तेही सगळ्यांना एकत्र बसायला जागा हवी म्हणून, हे मी जेव्हा प्रथम वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिले होते. ते केंद्र आता दुसऱ्या इमारतीत आहे, पण डॉन मिल्समध्येच. तिथे सगळ्यांना जाता येतं. मुलीला घेऊन जा.

त्याच विनफर्ड ड्राइव्हवर आगाखान म्युझियमच्या बागेपलीकडे इस्माइली सेंटर आहे. काचेचा उंच घुमट दिसतो ना, तेच. ते चार्ल्स कोरिया यांनी आखलं. नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी एक कोरिया. खाडीपलीकडचं आपलं शहर ज्यांनी मनात रचलं, त्यांच्या हातची वास्तू तुझ्या घराजवळ उभी आहे. पुढच्या रविवारी रुसून घरात बसण्याऐवजी तिघं तिथे जा, पाण्याच्या हौदांभोवती फिरा.

आता तुमचे खटके. तुझा नवरा चार दिवस माणसांत असतो. संध्याकाळी घरी येतो तेव्हा शांतता त्याच्या पानात वाढलेली असते, आणि तो दमून आलेला असल्याने ती त्याला गोड लागते. तू सकाळी आठपासून तीच खात असतेस. घर एकच, पण तुम्ही दोघं वेगवेगळ्या घरांत राहता. म्हणून "हे घर चांगलं की वाईट" या प्रश्नावर भांडू नका. त्याला एवढंच सांग: "मला दिवसभर बोलायला माणूस नाही." हे वाक्य तू त्याला अजून सरळ म्हटलेलं नसशील असा मला दाट संशय आहे. गिरगावच्या मुली भांडतात छान, पण मला एकटं वाटतं असं म्हणायला लाजतात. आणि त्याच्याकडून दोन गोष्टी माग. आठवड्यातला एक दिवस गाडी तुझ्याकडे राहील आणि तो बसने जाईल. तुला गाडी येत नसेल तर याच महिन्यात जी-वनची, म्हणजे शिकाऊ परवान्याची, लेखी परीक्षा दे, या वस्तीत गाडीशिवाय बाईचे हात बांधल्यासारखे होतात. दुसरी गोष्ट, महिन्यातून दोन शनिवार मिसिसागाचे. ते ठरलेले, त्यावर चर्चा नाही.

मिसिसागाला राहायला जाण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. तुला हव्या आहेत त्या तीन मैत्रिणी. तू गाव बदलून त्या मिळवायला निघाली आहेस. तिथेही मोठा भाग याच पद्धतीने बांधलेला आहे: वाकड्या गल्ल्या, पुढे गॅरेज, मागे अंगण. मंगळवारी दुपारी दोन वाजता तिथेही फ्रीज ऐकू येतो, आणि मैत्रिणी तेव्हा नोकरीवर असतात. वर खर्च बघ. घर घेताना तुम्ही जमीन-हस्तांतर कर दोनदा भरलात, एक प्रांताचा आणि एक टोरोंटो शहराचा. मिसिसागात शहराचा लागत नाही, प्रांताचा पुन्हा लागेल, आणि पहिल्या घराला मिळणारी सूट दुसऱ्यांदा मिळत नाही. त्यात विकतानाची दलाली. एवढे पैसे चार महिन्यांच्या थंडीवरून ठरवून घालवू नकोस. गणपतीपर्यंत थांब. तोपर्यंत एप्रिलअखेरची पालवी, जूनमधला रात्री नवापर्यंतचा उजेड, ऑगस्टातली अंगणं बघून होतील. एडवर्ड्‌स गार्डनपासून विल्केट ओढ्याच्या कडेने खाली सनीब्रुक पार्कापर्यंत एकदा तरी चाल. १९५४ मध्ये हेझल वादळाच्या पुरात ८१ माणसं गेली, त्यानंतर या शहराने नदीकाठी घरं बांधणं थांबवलं, म्हणून त्या घळी आज झाडांच्या आहेत. इतकं हिरवं मी कोकण सोडून कुठे पाहिलेलं नाही.

आणि गणपतीनंतरही तुझा जीव रमला नाही, तर खुशाल विका. त्यात हार नाही. तेव्हा मी तुझ्या नवऱ्याला तुझ्या बाजूने पत्र लिहीन, हा माझा शब्द.

एक गोष्ट मात्र गणपतीपर्यंत थांबवायची नाही. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल आणि असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल, तर फॅमिली डॉक्टरकडे जा आणि हेच शब्द सांग. इथल्या हिवाळ्यात अंधाराने खरंच आजारी पडायला होतं, डॉक्टरांना ते ठाऊक असतं, आणि त्यावर उपाय आहेत. हे सोसून दाखवायचं दुखणं नाही.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातील. त्या संध्याकाळी सात वाजून गेले तरी उजेड असेल. मुलीला बूट घाल, समोरचं दार सोड आणि मागच्या पायवाटेने तिच्या शाळेपर्यंत चालत जाऊन या. निघताना दाराबाहेरचा दिवा लावून जा. वाटेत कोण कोण भेटलं ते मला लिही, कुत्र्यांची नावंसुद्धा.

तुझी,
ताई